एमबीबीएसचं पहिलं वर्ष: नोट्स काढू की नको?

परभणी जिल्ह्यातल्या एका मुलाने विचारलंय: दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग लातूरला नीटची तयारी, आणि यंदा सरकारी कॉलेजात एमबीबीएसला नंबर लागला. रोज रात्री दोनपर्यंत जागून नोट्स काढतो, चार रजिस्टरं भरली. तरी पहिल्या इंटर्नलला (कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेला) ॲनाटॉमीत, म्हणजे शरीररचनेत, ५० पैकी १६. सिनियर म्हणतात नोट्सचा नाद सोड, गाईड वाच. रूममेट मोबाईलवर प्रश्नोत्तरांची कार्डं करतो. मी काय करू?

मी मराठवाड्यातच बरीच वर्षं फिजिऑलॉजी, म्हणजे शरीराचं काम कसं चालतं तो विषय, शिकवते. दर बॅचला तुझ्यासारखी मुलं भेटतात, म्हणून सरळ ‘तू’ म्हणूनच लिहिते.

नोट्स, गाईड की कार्डं असं तू विचारलंयस. मला आधी दुसरंच विचारायचंय. त्या चार रजिस्टरांतलं एखादं पान लिहून झालं, रजिस्टर मिटलं, आणि मग त्यातलं आपल्याला किती सांगता येतंय हे तू इंटर्नलच्या आधी एकदा तरी बघितलंस का? बहुतेक मुलं यावर गप्प बसतात.

लातूरला काय चालायचं ते आठव. मॉड्यूल होते, लेक्चरं होती, पण त्या सगळ्याच्या मागे टेस्ट होती. ठरलेल्या दिवशी पेपर, ओएमआर शीट, भिंतीवर मार्कांची यादी, घरी मेसेज, मग चुकलेल्या प्रश्नांवर चर्चा, आणि पुन्हा टेस्ट. मुलांना वाटतं मॉड्यूल पाठ केले म्हणून नीट निघाली. माझं मत असं की सतत कुणीतरी विचारत होतं म्हणून निघाली. कॉलेजात तो विचारणारा गेला. वर्षात मोजक्या इंटर्नल, मधे डेमोच्या (प्रात्यक्षिक दाखवण्याच्या तासाच्या) शेवटी जमलं तर चार प्रश्न, आणि थेट प्रिलिम. तू क्लासमधून लिहायची सवय सोबत आणलीस, टेस्ट तिथेच राहिली. ती आता तुझी तुलाच घ्यावी लागणार आहे. पुढचं सगळं उत्तर याच एका गोष्टीभोवती आहे.

आणखी एक फरक आहे. नीटला १८० प्रश्न, आणि प्रत्येकाखाली चार पर्याय. बरोबर पर्याय समोर असतो, तो ओळखायचा असतो. इथे थोडे एमसीक्यू असतात, बाकी कोरं पान. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, परीक्षक हातात हाड ठेवतात आणि म्हणतात, ‘बोल.’ ओळखणं वेगळं आणि आठवून सांगणं वेगळं. स्वतःच्या हाताने लिहिलेलं रजिस्टर चाळताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते, आणि आपल्याला येतंय असं वाटून आपण पान उलटतो.

हा नुसता माझा समज नाही. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग केला होता. एका गटाने एक उतारा चार बैठकांत वाचला. दुसऱ्या गटाने तो एका बैठकीत वाचला आणि पुढच्या तीन बैठकांत न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा नुसते वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होतं, लिहून काढणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. आणि आपल्याला चांगलं आठवेल असा विश्वास मात्र वाचणाऱ्यांनाच जास्त होता. इंटर्नलच्या आदल्या रात्री तुलाही तो असणार. २०१३ मध्ये डन्लॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं संशोधन एकत्र तपासलं. त्यात ओळींवर रंग मारणं, तेच ते पुन्हा वाचणं आणि सारांश काढणं यांचा उपयोग कमी ठरला. स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास थोडा थोडा, अंतराने वाटून करणं या दोन पद्धती सगळ्यात वर राहिल्या.

आता जे मला इथून सांगता येणार नाही ते. तुझी उत्तरपत्रिका मी पाहिलेली नाही, आणि १६ मार्क तीन वेगवेगळ्या कारणांनी पडू शकतात. विभागात जाऊन पेपर मागून घे, लाजू नको, तो दाखवायचाच असतो. गेलेल्या प्रत्येक मार्कासमोर पेन्सिलीने खूण कर. जे वाचलंच नव्हतं तिथे फुली. वाचलं होतं पण ऐनवेळी आठवलं नाही तिथे गोल. आठवत होतं पण इंग्रजीत मांडता आलं नाही, आकृती राहिली किंवा वेळ संपला, तिथे बाण. फुल्या जास्त असतील तर अभ्यासक्रम मागे पडलाय, त्याला पद्धतीचा इलाज नाही, बसूनच भरून काढावा लागेल. गोल जास्त असतील तर खालचं सगळं तुझ्यासाठी आहे. बाण जास्त असतील तर घड्याळ लावून उत्तरं लिहिण्याचा सराव हवा, नोट्सने त्यात काही फरक पडणार नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुलांत गोल सगळ्यात जास्त निघतात. मराठी मीडियमवाल्यांत त्यासोबत बाणही बरेच असतात.

आता लेक्चरपासून सुरुवात करू. स्लाईड उतरवत बसू नको. पीपीटी संध्याकाळी ग्रुपवर येते, नाही आली तर सीआरला (वर्गप्रतिनिधीला) मागायला लावायची. वर्गात लिहायचं ते स्लाईडवर नसलेलं: सरांनी फळ्यावर काढलेली आकृती, ‘हे युनिव्हर्सिटीला येतं’ हे वाक्य, एखाद्या पेशंटचं उदाहरण, आणि आपल्याला न कळलेल्या जागी मोठं प्रश्नचिन्ह. तासाला एखादं पान भरलं तरी खूप झालं. पानाची डावीकडची पाव-एक जागा रेघ मारून मोकळी ठेव. ही पद्धत जुनी आहे, कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी रूढ केली. पण गंमत अशी की मुलं रेघ मारतात आणि मोकळी जागा वर्षभर मोकळीच राहते. त्या जागेत त्याच दिवशी संध्याकाळी प्रश्न लिहायचे असतात. उजवीकडे जे आहे ते ज्या प्रश्नाचं उत्तर ठरेल, तो प्रश्न डावीकडे. ‘कॅरोटिड सायनस’ (मानेतल्या धमनीतली बीपी जाणणारी जागा) असा मथळा लिहू नको. ‘बसलेला माणूस झटकन उभा राहिला तर बीपी कोण सावरतं, कसं?’ असं लिही. मथळा वाचून डोकं नुसतं मान डोलावतं, प्रश्न वाचला की उत्तर शोधावं लागतं.

मग पुस्तक. लेक्चरचा विषय त्याच दिवशी पुस्तकातून एकदा नीट वाच, हातात पेन न घेता. पेन हातात असलं की डोळे वाचतात आणि हात उतरवतो, मधलं डोकं रिकामं बसतं. वाचून झालं की पुस्तक मिटायचं आणि एका कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं काढायचं. सुरुवातीला पाव पान भरेल, चिडचिड होईल, पुस्तक उघडावंसं वाटेल. थोडं थांबायचं, आणखी दोन ओळी निघतात का बघायचं. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरायचं. ती लाल अक्षरं म्हणजे तुझ्या खऱ्या नोट्स. त्या बघूनच कळतं की आपल्याला नेमकं काय येत नाही. बाकीचं छापील पुस्तकात आहेच, ते हाताने पुन्हा छापायला नको. भाकरी थापताना आईकडे कितीही वेळ बघत बसलं तरी आपल्या हातची पहिली भाकरी तुटतेच, आणि ती तुटल्याशिवाय जमत नाही.

ॲनाटॉमीत हे कसं करायचं ते जरा सविस्तर सांगते, कारण मार्क तिथे गेलेत. ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं, घे. सी५ पासून टी१ पर्यंत पाच रूट, त्यांचे तीन ट्रंक, सहा डिव्हिजन, तीन कॉर्ड, मग शाखा. रजिस्टरात तू तो तीन रंगांत सुंदर काढला असणार, तासभर घालवून. त्याऐवजी पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने भराभर काढ, पुस्तक बंद ठेवून. चुकलं की तपास, कागद फेकून दे. दुसऱ्या दिवशी परत काढ. काही दिवसांनी तो दोन-तीन मिनिटांत निघायला लागतो. मग त्या आकृतीवर जखमा कर. सी५-सी६ जवळ फुली: बाळंतपणात बाळाची मान ओढली गेली, हात कसा लोंबकळेल? सी८-टी१ वर फुली: हाताच्या पंजाचं काय होईल? ह्यूमरसच्या (दंडाच्या हाडाच्या) सर्जिकल नेकला फ्रॅक्चर झालं तर कोणती नस धोक्यात, स्पायरल ग्रूव्हला झालं तर कोणती, आणि मनगट का लुळं पडतं? हे प्रश्न पानावर नसतात, आकृती डोक्यात असेल तरच सुटतात. व्हायवाला आणि पुढे सर्जरी, ऑर्थोला हेच विचारतात.

डिसेक्शन हॉलमध्ये मागे उभं राहून खांद्यावरून बघत बसू नको. टेबलाशी जा, हात लाव, नस बोटाने धरून ती कुठून येते आणि कुठे जाते हे मोठ्याने बोल. नव्या कॉलेजांत टेबलाभोवती किती मुलं आणि किती मृतदेह हे जागोजागी वेगळं असतं, त्यामुळे प्रत्येकाला सारखी संधी मिळत नाही हे मला कळतं. तसं असेल तर डेमो संपल्यावर मागे थांब. अटेंडंट मामांशी नीट बोललं तर हाडंही बघायला मिळतात. हाडाचा अभ्यास पुस्तकातल्या चित्रावर करायचाच नाही, हाड हातात घेऊनच करायचा. हाड डावं की उजवं हे ओळखणं तर आधी डोळे मिटून जमलं पाहिजे.

फिजिऑलॉजी माझा विषय, त्यामुळे थोडा पक्षपात चालवून घे. इथे नोट्स म्हणजे बाण. उभं राहिल्यावर रक्त पायांत उतरलं, हृदयाकडे कमी परतलं, बीपी खाली आला, कॅरोटिड सायनसमधला ताण घटला, नवव्या नर्व्हमधून मेडुलाकडे जाणारे संदेश कमी झाले, सिंपथेटिक वाढलं, ठोके वाढले, रक्तवाहिन्या आवळल्या, बीपी सावरला. एवढं एका ओळीत बाणांनी बसतं. मग साखळीतली एक कडी काढून टाक आणि पुढे काय होईल ते सांग. कॅरोटिड सायनसवर बोटाने दाब दिला तर ठोके वाढतील की कमी होतील? हे न अडखळता सांगता आलं तर त्यावर पानभर लिहिलेल्या नोट्सची गरज उरत नाही. आकडे मात्र पाठच हवेत, पण तेही जोडून. एका ठोक्याला ७० मिलि, मिनिटाला ७२ ठोके, गुणाकार केला की कार्डियाक आऊटपुट साधारण ५ लिटर. मग तो आकडा वेगळा पाठ करावा लागत नाही.

आपल्याकडे पेशंट तर पुस्तकापेक्षा चांगले शिकवतात. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जा, अंबाजोगाईला जा, नांदेडला जा, कॅज्युअल्टीत ‘औषध प्यालेला’ पेशंट तुला दिसणारच. फवारणीच्या दिवसांत श्वासातून आणि कातडीतून विष भिनलेलेही येतात. ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशक असेल तर ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम अडतं, आणि ते ज्याला मोडतं ते ॲसिटिलकोलिन, म्हणजे नसांचा निरोप पोचवणारं रसायन, साचत जातं. आता तूच सांग: बाहुल्या टाचणीएवढ्या का होतात? तोंडाला फेस का येतो, घाम का सुटतो? आणि ॲट्रोपीन देऊन हे सगळं आवरलं तरी श्वासाचे स्नायू ढिले का राहू शकतात? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मस्कारिनिक आणि निकोटिनिक रिसेप्टर यांच्या फरकात आहे. तू तो तक्ता नक्की उतरवलेला असणार आणि नक्की विसरलेला असणार. या पेशंटला जोडलास की विसरणार नाहीस. अर्ली क्लिनिकल एक्स्पोजरच्या, म्हणजे पहिल्याच वर्षी पेशंट दाखवायच्या, तासांचा उपयोग असा करून घे. बरीच मुलं ते तास सही करून मोकळी होतात.

बायोकेमिस्ट्रीचं थोडक्यात. पेशीतल्या रासायनिक क्रियांच्या सायकल सगळ्या एकदम पाठ करायच्या नाहीत. आधी कुठून सुरू, कुठे संपते, पेशीत कुठे चालते आणि नळ कुठे आहे, म्हणजे वेग ठरवणारं एन्झाइम कोणतं, एवढं. ग्लायकोलिसिसच्या (ग्लुकोज फोडण्याच्या) दहा पायऱ्यांत असे तीन नळ आहेत आणि सगळ्यात महत्त्वाचा फॉस्फोफ्रुक्टोकायनेज. मधल्या पायऱ्या त्यानंतर. आणि जिथे मिळेल तिथे प्रयोगशाळेतली गोष्ट जोड: शुगरचं रक्त राखाडी झाकणाच्या ट्यूबमध्ये का घेतात? त्यात फ्लोराइड असतं, ते इनोलेज अडवतं, नाहीतर ट्यूबमध्येही रक्तपेशी ग्लुकोज खात राहतात आणि रिपोर्ट खोटा कमी येतो. व्हायवाला हा प्रश्न फार आवडता आहे.

आता रूममेटची कार्डं. अंकी हे ॲप चांगलं आहे, अँड्रॉइडवर फुकट मिळतं, आणि विसरायच्या बेतात असतानाच प्रश्न परत समोर आणतं. पण दोन धोके मी पाहते. मुलं तयार डेक (कार्डांचे संच) डाऊनलोड करतात, ते बहुतेक अमेरिकेतल्या परीक्षेसाठी केलेले असतात, आपल्या पेपरशी त्यांचा मेळ बसत नाही. आणि रोज शंभर नवी कार्डं भरतात, मग महिन्याभरात थकबाकीचा डोंगर होतो आणि ॲप बंद. कार्ड स्वतः कर, दिवसाला मोजकीच कर, आणि एका कार्डावर एकच प्रश्न ठेव. कार्डावर परिच्छेद चिकटवलास तर ते छोटं रजिस्टरच झालं. मोबाईल हातात घेतला की रील सुरू होतात अशी तुझी गत असेल (तुझ्या वयाच्या बहुतेकांची असते) तर ॲपचं नाव काढू नको. पाठकोऱ्या कागदांचे तुकडे आणि बुटांचं रिकामं खोकं घे, त्यात कप्पे कर. आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलेलं पुन्हा पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज, पुढचे जास्त जास्त अंतराने. सेबास्टियन लाइटनर यांची ही युक्ती ॲपच्या कितीतरी आधीची आहे. कार्डं नसांच्या मुळांसाठी, एन्झाइमसाठी, आकड्यांसाठी बरी. ब्रेकियल प्लेक्सससाठी कोरा कागदच.

उजळणीचं गणित मुलं फार विचारतात. पहिल्या दिवसानंतर दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने, असं मी सांगते, पण हे अंतर दगडावरची रेघ नाही. तुमच्या कॉलेजात इंटर्नल कधी, जर्नल सबमिशन कधी, तू किती लवकर विसरतोस यावर ते बदलेल. बदलू नये ते एवढंच की उजळणी म्हणजे पुन्हा वाचणं नाही. डावीकडचे प्रश्न बघायचे, उजवी बाजू वहीने झाकायची, मोठ्याने उत्तर द्यायचं आणि अडलं तिथेच उघडून बघायचं. सगळं पान वाचायचं नाही. म्हणून उजळणीला वेळ कमी लागतो आणि रात्रीचे दोन वाजत नाहीत. दोनला झोपून सकाळी डिसेक्शनला डुलक्या देणारा मुलगा दोन्हीकडून तोट्यात असतो. दिवसा शिकलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत होतं.

इंग्रजीचं बोलते, कारण तू मराठी मीडियमचा उल्लेख आधीच केलास आणि त्यात थोडा संकोच दिसला. समजून मराठीतच घे. रूममेटला मराठीतच समजावून सांग, अगदी आपल्या परभणीच्या बोलीत. फक्त संज्ञा मूळच्याच ठेव, त्यांचं भाषांतर करत बसू नको. त्याच रात्री तीच गोष्ट पाच-सहा साध्या इंग्रजी वाक्यांत लिहून बघ. छोटी वाक्यं, एका वाक्यात एकच गोष्ट. परीक्षक अलंकारिक इंग्रजी शोधत नाहीत, नावं लिहिलेली आकृती आणि मुद्दे शोधतात. पहिल्या सहा महिन्यांत बोलताना अडखळणारी, पण दर आठवड्याला एक लाँग आन्सर घड्याळ लावून लिहिणारी मुलं प्रिलिमपर्यंत कॉन्व्हेंटवाल्यांच्या बरोबरीला आलेली मी पाहिलीत.

गाईडबद्दल सिनियरचं अर्धं बरोबर आहे. गाईड शेवटी उजळायला, आणि उत्तराची मांडणी कशी करतात ते बघायला ठीक. पहिल्यांदा त्यातूनच वाचलंस तर कोणता मुद्दा कशामुळे येतो हे कळत नाही, आणि व्हायवाचा दुसरा प्रश्न नेमका तोच असतो. गाईडपेक्षा युनिव्हर्सिटीच्या जुन्या प्रश्नपत्रिका जवळ ठेव. विषय सुरू करायच्या आधी त्यावर काय काय विचारलंय ते बघितलं तर वाचताना नजर आपोआप तिकडे जाते. अंबाजोगाई, नांदेड, संभाजीनगर अशा जुन्या कॉलेजांत सिनियरांकडे या सगळ्याचा साठा असतो. परभणी, हिंगोली, जालना, धाराशिव इथली सरकारी कॉलेजं अलीकडची आहेत. तिथे मागे सिनियरांच्या फारशा बॅचेस नाहीत, तर लायब्ररीत मागा, नाहीतर दुसऱ्या कॉलेजातल्या गाववाल्याला गाठा.

भरलेल्या चार रजिस्टरांचं काय? टाकून देऊ नको आणि पुन्हा वाचूही नको. प्रत्येक पानाच्या समासात प्रश्न लिहित जा, जेवढी पानं पुढच्या इंटर्नलला येणार आहेत तेवढीच. बाकीची राहू देत.

आणि एक माणूस शोध. दोघं किंवा तिघं, चारच्या वर नको, नाहीतर त्याची गप्पांची मैफल होते. मेसमधून आल्यावर अर्धा तास एकमेकांचा व्हायवा घ्यायचा: एकाने पुस्तक उघडून विचारायचं, दुसऱ्याने पुस्तक न बघता सांगायचं, मग अदलाबदल. विचारणाऱ्याचाही अभ्यास होतो. ‘येतंय रे, पण सांगता येत नाही’ असं कुणी म्हणालं की ते ‘येत नाही’ असंच धरायचं आणि त्या विषयाचं कार्ड करायचं. सुट्टीत गावी जाताना पुस्तकांची पिशवी नेऊ नको, घरी ती उघडत नाहीस हे तुलाही माहीत आहे. डावीकडच्या प्रश्नांची यादी मोबाईलमध्ये फोटो काढून ने, एसटीत खिडकीशी बसून उत्तरं मनात दे, आणि जी अडतील त्यांच्यावर खूण कर. सोमवारी परत आल्यावर फक्त तेवढीच उघडून बघ.